पाकिस्तानच्या कैदेतून भिंत फोडून पळालेला मराठी फायटर पायलट: ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर

१३ ऑगस्ट १९७२, रविवारची सकाळ. खैबर खिंडीतल्या लंडी कोतल नावाच्या गावात तीन तरुण बसमधून उतरले. अंगात पठाणी कपडे, डोक्यावर टोप्या, पाठीवर पिशव्या. समोरच्या डोंगरापलीकडे अफगाणिस्तान. सरहद्द राहिली होती जेमतेम सात-आठ किलोमीटर.

त्यांनी तिथल्या माणसांना एक साधा प्रश्न विचारला, लंडी खानाला कसं जायचं?

हाच प्रश्न त्यांना नडला.

हे तिघं होते भारतीय हवाई दलाचे फायटर पायलट आणि पाकिस्तानचे युद्धकैदी. आदल्या रात्री रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडून ते निसटले होते. त्यांचे म्होरके होते फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर परुळकर. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ही गोष्ट पुन्हा एकदा सगळीकडे फिरली. पण व्हायरल पोस्टमध्ये बहुतेक वेळा फक्त थरार असतो. इतकी पक्की योजना नेमकी कुठे फसली, पकडल्यावर तिघांचा जीव कसा वाचला आणि पळून जाणं हा गुन्हा होता की नाही, हे त्यात राहून जातं. तेच इथे सविस्तर पाहू.

१९६५: पहिली परीक्षा

परुळकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. भारत-चीन युद्ध नुकतंच संपलं होतं आणि सैन्यदलं वाढवायचं काम जोरात सुरू होतं.

अडीच वर्षांत पाकिस्तानशी युद्ध पेटलं. सप्टेंबर १९६५ मधल्या एका मोहिमेत शत्रूच्या गोळीबारात त्यांचं विमान सापडलं आणि त्यांच्या उजव्या खांद्याला मार लागला. तुकडीच्या प्रमुखाने त्यांना विमान सोडून पॅराशूटने उडी मारायचा सल्ला दिला. परुळकरांनी मात्र जखमी खांद्याने तेच विमान तळावर परत आणून उतरवलं. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं.

मधल्या काळात त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. कधी शत्रूच्या मुलखात पडलो आणि पकडला गेलो, तर आपण तिथून पळून येणार. तेव्हा ते तरुण पायलटचं बोलणं वाटलं असेल. पुढच्या युद्धात ते खरं करून दाखवायची वेळ आली.

१० डिसेंबर १९७१

१९७१ च्या युद्धात परुळकर सुखोई-७ उडवत होते. हे सोव्हिएत बनावटीचं एक इंजिनाचं विमान. जमिनीवरचे रणगाडे, तोफा आणि रेल्वेगाड्या यांच्यावर मारा करणं हे त्याचं मुख्य काम. त्यासाठी पायलटला खूप खाली यावं लागतं आणि खाली आलं की विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात सापडतं. पश्चिम आघाडीवर सुखोई-७ च्या तुकड्यांनी या युद्धात बरीच विमानं गमावली, त्याचं एक मोठं कारण हेच.

१० डिसेंबरला पाकिस्तानी पंजाबमधल्या झफरवाल भागात परुळकरांच्या विमानाला मार बसला. यावेळी विमान परत नेणं शक्य नव्हतं. त्यांनी उडी मारली. खाली गावकऱ्यांनी त्यांना घेरलं आणि मारहाण केली. मग ते पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात गेले.

चौकशी आणि एकांतकोठडी झाल्यावर त्यांना रावळपिंडीतल्या हवाई दलाच्या कॅम्पमध्ये ठेवण्यात आलं. तिथे भारतीय हवाई दलाचे डझनभर पायलट होते. सर्वांत वरिष्ठ विंग कमांडर कोएलो. त्यांच्याशिवाय स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जफा, स्क्वाड्रन लीडर कामत, फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव, फ्लाइट लेफ्टनंट चाटी अशी मंडळी होती. काही जण उडी मारताना गंभीर जखमी झाले होते.

युद्ध संपलं, मग कैद का संपेना?

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि १७ तारखेला पश्चिम आघाडीवरही युद्ध थांबलं. जिनिव्हा कराराप्रमाणे लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडायचं असतं.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते, त्यात काही नागरिकही. पाकिस्तानच्या ताब्यात भारताचे सहाशेहून थोडे अधिक. ढाक्यातली शरणागती भारत आणि बांगलादेशच्या संयुक्त फौजेपुढे झालेली, त्यामुळे त्या कैद्यांबाबत बांगलादेशलाही विचारणं भाग होतं. पाकिस्तानने तर बांगलादेशला मान्यताच दिलेली नव्हती. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या सुटकेची तारीख काही ठरली नाही.

म्हणजे रावळपिंडीतल्या पायलटांना आपण महिन्याभरात सुटणार की पाच वर्षांनी, हे कळायला मार्ग नव्हता. परुळकरांनी वाट पाहायची नाही असं ठरवलं.

पळून जाणं गुन्हा आहे का?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. साध्या तुरुंगातून पळणं हा गुन्हा असतो. युद्धकैद्याचं तसं नसतं. तो शिक्षा भोगत नसतो, त्याला फक्त लढाईपासून दूर ठेवलेलं असतं.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात याबद्दल स्पष्ट नियम आहेत.

* पळताना पकडलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते. तिची कमाल मर्यादा ३० दिवस.
* पळण्यासाठी साधे कपडे घातले किंवा खोटी कागदपत्रं वापरली, तरी कोणाला इजा केली नसेल तर तेवढ्याने गुन्हा मोठा होत नाही.
* पळणाऱ्यावर गोळी झाडणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. त्याआधी इशारा द्यावाच लागतो.

हे झालं कागदावर. पण रात्रीच्या अंधारात पहारेकऱ्याने करार आठवून बंदूक खाली ठेवावी, अशी खात्री कोण देणार? शिवाय पठाणी वेशात सरहद्दीवर सापडलेल्या माणसाला आधी हेर समजलं जाणार. त्यामुळे धोका जिवाचाच होता.

कॅम्पमध्येही सगळ्यांचं एकमत नव्हतं. आज ना उद्या सुटका होणारच आहे, मग कशाला जीव धोक्यात घालायचा, असा विचार काहींनी केला आणि तो चुकीचाही नव्हता. पळणाऱ्यांमुळे मागे राहिलेल्यांचे हाल होण्याची भीती होती. शेवटी परुळकरांबरोबर दोघं तयार झाले. एक फ्लाइट लेफ्टनंट मलविंदर सिंग ग्रेवाल आणि दुसरे फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी.

भारत सोडून अफगाणिस्तानकडे कशाला?

नकाशावर पाहिलं तर रावळपिंडीपासून काश्मीर जवळ आहे. पण त्या रेषेवर दोन्ही बाजूंनी सैन्य उभं होतं, सुरुंग पेरलेले होते. तिकडून येणारी सावली दिसली की दोन्हीकडून गोळी सुटली असती.

पश्चिमेला चित्र वेगळं होतं. रावळपिंडीहून पेशावर साधारण १७० किलोमीटर, बसने रातोरात गाठता येण्यासारखं. पेशावरहून जमरूद, तिथून खैबर खिंडीतून लंडी कोतल आणि पुढे तोरखम इथे सरहद्द, म्हणजे आणखी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. हा पठाणी टोळ्यांचा मुलूख. इथे सरकारचा हात तोकडा होता आणि अनोळखी माणसांची येजा नेहमीची. पलीकडच्या अफगाणिस्तानात तेव्हा राजा झहीर शाहचं राज्य होतं आणि काबूलमध्ये भारताचा दूतावास होता.

जमवाजमव

पुढचे काही महिने सामान गोळा करण्यात गेले. यातली प्रत्येक वस्तू पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत मिळवलेली.

पैसा आला कायदेशीर मार्गाने. जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला दरमहा थोडा भत्ता द्यावा लागतो. मेजरखालच्या अधिकाऱ्यांसाठी तो ५० स्विस फ्रँक इतका ठरलेला आहे. त्याचे पाकिस्तानी रुपये हातात येत. त्यातून सुकामेवा आणि कन्डेन्स्ड मिल्कचे डबे यायचे. कॅम्पवाल्यांना वाटे, पोरं खाण्यापिण्यात रमली आहेत. इकडे थोडे थोडे पैसे आणि खाऊ बाजूला पडत होता.

पॅराशूटच्या कापडापासून पाठपिशव्या शिवल्या गेल्या. फायटर पायलट विमानात जी-सूट घालतात, त्यात हवेच्या पिशव्या असतात. वेगाने वळताना त्या फुगून पायांवर दाब देतात, म्हणजे रक्त खाली उतरून पायलट बेशुद्ध पडत नाही. त्याच पिशव्या पाणी भरायला कामी आल्या. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार झालं. पठाणी कपडेही अशाच युक्त्या करून मिळवले.

आणि नकाशा? तो होता एका जुन्या शालेय ॲटलासमधला.

भिंत फोडायचं काम सर्वांत किचकट. काटे, सुऱ्या, कात्री असलं मिळेल ते हत्यार घेऊन विटांमधला सिमेंट खरवडायचा. सुटलेली वीट हलकेच काढायची आणि सकाळ व्हायच्या आत सगळं पुन्हा झाकून ठेवायचं. निघालेला मलबा लपवायला रेड क्रॉसच्या पार्सलांची रिकामी खोकी होतीच. अशा पन्नासच्या वर विटा मोकळ्या झाल्या. जे पळणार नव्हते त्यांनीही पहारेकऱ्यांवर नजर ठेवून आणि आवाज झाकून साथ दिली. यश मिळालं तर ते तिघांचं, पकडले गेले तर शिक्षेचा त्रास सगळ्यांना, हे माहीत असूनही.

१२ ऑगस्टची रात्र

शनिवारची रात्र निवडली गेली. दुसऱ्या दिवशी रविवार आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन.

त्या रात्री वादळ सुटलं. धुळीचे लोट उठले. बाहेरच्या पहारेकऱ्याने धूळ चुकवायला डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं होतं. शेवटचा थर फोडून तिघं बाहेर सरकले, शेजारच्या आवारातून भिंत ओलांडली आणि रस्त्यावर आले. नशिबाने तेव्हाच सिनेमाचा रात्रीचा खेळ सुटला होता. तिघं त्या गर्दीत मिसळून गेले.

तिथून बसने पेशावर, पेशावरहून जमरूद आणि पुढे खैबरचा चढ. सकाळी ते लंडी कोतलला पोहोचले. कैद्यांनी काटे-सुऱ्यांनी आखलेली मोहीम इथवर जवळजवळ न चुकता पार पडली होती.

एक बंद पडलेलं स्टेशन

ॲटलासमध्ये लंडी कोतलच्या पुढे, सरहद्दीला लागून लंडी खाना नावाचं रेल्वेस्टेशन दाखवलेलं होतं. तिघांनी ते लक्षात ठेवलं होतं, तिथवर वाहन मिळालं की पुढे थोडंच चालायचं.

खैबर रेल्वे ही इंग्रजांनी बांधलेली. १९२५ मध्ये ती लंडी कोतलपर्यंत आली आणि १९२६ मध्ये लंडी खानापर्यंत नेली. पण हा शेवटचा तुकडा १९३२ मध्ये बंद झाला. म्हणजे परुळकर तिथे पोहोचले त्याच्या चाळीस वर्षं आधी. स्थानिक माणूस सरहद्दीकडे जायचं म्हटलं की तोरखमचं नाव घ्यायचा. लंडी खानाला कोणी जात नव्हतं.

त्यामुळे प्रश्न ऐकताच लोकांच्या भुवया वर गेल्या. त्यात तो काळ असा होता की पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने चोरून अफगाणिस्तानात जात होते. तिथून भारतमार्गे बांगलादेश गाठायचा, असा त्यांचा मार्ग. लोकांना वाटलं हे तिघं बंगालीच आहेत. त्यांना धरून तहसीलदारापुढे उभं केलं.

तिघांनी आधीच ठरवलेली नावं सांगितली. परुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी हॅरॉल्ड जेकब आणि ग्रेवाल अली अमीर. आपण पाकिस्तानी हवाई दलातले आहोत आणि सुट्टीवर फिरायला आलो आहोत, असं ते म्हणाले. दोघांची नावं ख्रिश्चन असण्याचा फायदा उघड होता. नमाज आणि कलम्याबद्दल कोणी उलटतपासणी केली असती तर नावामुळेच ती टळली असती. त्यांचे कॅम्पमधले सोबती भार्गव नेमके तिथेच अडकले होते. विमान पाडल्यावर ते सिंधच्या वाळवंटात मन्सूर अली या पाकिस्तानी पायलटच्या नावाने वावरले, पण कोणीतरी कलमा म्हणून दाखवायला सांगितलं आणि त्यांचं सोंग उघडं पडलं.

लंडी कोतलमध्ये मात्र नावं पुरली नाहीत. संशय वाढत गेला. टोळ्यांच्या मुलखात हेर किंवा फरारी म्हणून काय होईल, याचा भरवसा नव्हता.

ज्या फोनने जीव वाचवला

इथे परुळकरांनी एक मागणी केली. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी, म्हणजे साहाय्यक अधिकारी, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांच्याशी फोनवर बोलू द्या.

उस्मान हे आधी रावळपिंडीच्या कॅम्पचे प्रमुख होते. त्यांनी कैद्यांना माणुसकीने वागवलं होतं. १९७१ च्या नाताळला ते कैद्यांसाठी केक घेऊन आले होते, ही आठवण त्या कॅम्पमधले पायलट पुढे आवर्जून सांगत. नंतर त्यांची बदली हवाई दलप्रमुखांच्या कार्यालयात झाली होती.

फोन लागला. परुळकर काय म्हणत आहेत हे उस्मान यांना लगेच उमगलं. ही आमची माणसं आहेत, त्यांना धरून ठेवा पण हात लावू नका, अशा अर्थाचा निरोप त्यांनी तहसीलदाराला दिला.

पळून जायचा बेत इथे संपला. पण तिघं आता नाव नसलेले फरारी राहिले नाहीत. कोण आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, याची नोंद झाली आणि त्यांच्यामागे जिनिव्हा कराराचं कवच पुन्हा उभं राहिलं.

शिक्षा आणि सुटका

तिघांना शिक्षा झाली ती नियमातल्या कमाल मर्यादेइतकी, ३० दिवस एकांतवास. नंतर भारतीय युद्धकैद्यांना लायलपूरच्या तुरुंगात एकत्र ठेवलं गेलं. आजचं फैसलाबाद ते हेच.

पुढे दोन्ही सरकारांत पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल ठरली. १ डिसेंबर १९७२ ला परुळकर आणि त्यांचे सोबती वाघा सरहद्दीवरून चालत भारतात आले. ढाक्यात पकडलेल्या पाकिस्तानी कैद्यांची परतपाठवणी मात्र १९७४ पर्यंत चालली.

परुळकर पुन्हा हवाई दलात रुजू झाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी बटालियन कमांडर म्हणून काम केलं, काही काळ सिंगापूरलाही होते. त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. ग्रुप कॅप्टन पदावरून निवृत्त होऊन ते पुण्यात राहिले. कॅनडाच्या लेखिका फेथ जॉन्स्टन यांनी या पलायनावर 'फोर माइल्स टू फ्रीडम' हे पुस्तक लिहिलं आणि 'द ग्रेट इंडियन एस्केप' नावाचा चित्रपटही निघाला.

जे परत आलेच नाहीत

परुळकरांची गोष्ट सांगताना दुसऱ्या एका मराठी सुखोई पायलटचं नाव घ्यायला हवं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानात पाडलं गेलं. त्याच सुमारास तिकडच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय पायलटांची बातमी आली आणि त्यात टोंबे असं नाव होतं. पण १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून आलेल्यांत तांबे नव्हते.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी पुढची अनेक दशकं पतीचा शोध घेतला. बेपत्ता ५४ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यादीत तांबे यांचं नाव आहे. २००७ मध्ये या कुटुंबांमधले काही जण पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊन आले, पण हाती काही लागलं नाही. आपल्याकडे असे कैदी नाहीत, हीच पाकिस्तानची भूमिका कायम राहिली.

विमान दोघांचं एकाच प्रकारचं आणि पाच दिवसांच्या अंतराने पडलेलं. फरक पडला तो नोंदीचा. रेड क्रॉसच्या यादीत नाव असलेल्या कैद्याला भत्ता मिळतो, पत्र मिळतं आणि पळताना सापडला तरी ३० दिवसांवर शिक्षा जात नाही. ज्याचं नाव कोणत्याच यादीत येत नाही, त्याच्यासाठी करारातलं एकही कलम उपयोगी पडत नाही. लंडी कोतलच्या कचेरीत, सरहद्द समोर दिसत असताना, परुळकरांनी धरला तो आग्रह नेमका याचसाठी होता. एक फोन लावू द्या, आम्ही कोण आहोत हे कोणाला तरी कळू द्या.